एक पांढरा चौकोन

लातूरला एका क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. वेळापत्रक छापायला मी एका डीटीपीच्या दुकानात गेलो होतो. संगणकावर बसलेली बाई चाळिशीची असावी. टाईप केलेला प्रत्येक शब्द ती ओठांतल्या ओठांत वाचायची. चौकोनांत विषयांची नावं लिहून तिनं बटण दाबलं, की ज्या त्या विषयाचा रंग आपोआप चढायचा. मला मोठी गंमत वाटली.

"असंच आमचं जुनं गाव बी करायलेय मी," ती म्हणाली आणि तिनं दुसरं पान उघडलं. भूकंपात पडलेल्या तिच्या गावाचा तो नकाशा होता. स्मारकात लावायला गावकऱ्यांनी तो करायला सांगितला होता. एकेक घर म्हणजे एकेक चौकोन. ज्या घरातलं कुणी गेलं, तिथं 'मयत' लिहिलं की चौकोन राखाडी व्हायचा. बहुतेक पान राखाडीच होतं. मधलं एकच घर पांढरं होतं.

"इथले सगळे वाचले का?" मी विचारलं.

"आमचं घर हाय ते. माय सापडलीच न्हाई." तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "साऱ्या गावाचं मी लिहिलं, सर. एवढं माझ्यानं होईना. तुम्ही लिहा."

मी ती तीन अक्षरं लिहिली. बटण तिनंच दाबलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं राखाडी झालेल्या चौकोनाकडे पाहिलं.

"आता पुरं झालं गाव," ती म्हणाली.