नाही म्हणण्याचं प्रशिक्षण

वसईत भुईगावच्या किनाऱ्याजवळ एक रिसॉर्ट आहे, तिथल्या बारमध्ये मी गेली वीस वर्षं दारू वाढतो. घरात हे वाक्य मी कधी असं उच्चारलेलं नाही. आमचं घर सांडोरचं. केळीची वाडी, वडील देवळाच्या कमिटीवर. त्यांच्या लेखी मी ‘हॉटेलात’ असतो. बायको कुणी विचारलं तर ‘रेस्टॉरंट सांभाळतात’ असं सांगते. म्हणून या कामाचंही शिक्षण असतं, परीक्षा असते, पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं, हे तीन वर्षांपूर्वी कळलं तेव्हा मला जरा जास्तच आनंद झाला. तो आनंद आठवला की आता माझी मलाच चीड येते.

मुंबईची एक मोठी कंपनी आपल्या माणसांची सहल आमच्याकडे आणणार होती. त्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर आमच्या मालकांना, शेठना, विचारलं, तुमच्याकडे दारू देणारी माणसं प्रशिक्षित आहेत का? शेठनी ‘आहेत की’ म्हणून फोन ठेवला आणि मला हाक मारली.

“तू जाऊन ये. दोन दिवसांचा क्लास आहे. कागद घेऊन ये.”

क्लास विरारला एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होता. वीसेक जण होतो, बहुतेक माझ्याहून लहान. शिकवायला पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी स्वतः बरीच वर्षं बारमागे उभं राहून काढली होती. खुर्चीवर त्या दोन दिवसांत एकदाही बसल्या नाहीत. आल्या आल्या म्हणाल्या, “वाढायला तुम्हाला येतंच. ते शिकवायला मी आलेली नाही. थांबवायचं कसं, ते शिकवणार आहे.”

त्यांनी सांगितलेलं मला अजून पाठ आहे. माणसाचा आवाज चढतो. एकच प्रश्न तो दोनदा विचारतो. फोन उघडायला त्याला वेळ लागतो. उठताना टेबलाची कड धरतो. बिअरला एकवीस वर्षं आणि बाकी दारूला पंचवीस, तेही चेहरा बघून नाही, कार्ड बघून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चढलेली दारू लिंबूपाण्यानं उतरत नाही, कॉफीनंही नाही, तोंडावर पाणी मारूनही नाही. उतरते ती फक्त वेळानं. तोवर सतरा वर्षं मी लोकांना लिंबूपाणी पाजून, हात धरून त्यांच्या गाडीत बसवून देत होतो, आणि ती माझी चांगली सर्व्हिस समजली जात होती.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः प्यालेलं गिऱ्हाईक झाल्या आणि मला म्हणाल्या, नाही म्हणून दाखवा. मी म्हणालो, “सर, जेवण लावतो, पाणी आणतो. ड्रिंक मात्र आता देता येणार नाही.”

“देता येणार नाही म्हणू नका,” त्या म्हणाल्या. “असं म्हटलं की तो विचारणार, कोण अडवतंय तुला? मी देणार नाही, असं म्हणा.”

मी म्हणून दाखवलं. चार-पाच वेळा म्हणावं लागलं, तेव्हा कुठे ते त्यांना पटेल असं निघालं.

परीक्षेत पास झालो. बारावीनंतरची माझी ती पहिली परीक्षा. मुलीनं घरी प्रमाणपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. वडील झोपाळ्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे लोकांना आवरायचं काम तुझ्याकडे आहे?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “बरं आहे.” माझ्या नोकरीबद्दल ते इतकं कधीच बोलले नव्हते. शेठनी प्रमाणपत्राला फ्रेम करून ती काउंटरमागे, लायसन्सच्या शेजारी लावली. कंपनीची सहल आली आणि सुरळीत पार पडली. त्यानंतरही दोन-तीनदा मी कॉलेजच्या पोरांना कार्ड मागून परत पाठवलं. कुणी काही बोललं नाही. मला वाटायला लागलं, जमतंय आपल्याला.

मग उन्हाळ्यातला एक रविवार आला. दुपारी शेठच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. वसईतच राहणारे, बँकेत वरच्या जागेवर. बरोबर त्यांची बायको आणि दोन मित्र. मित्र जेवून आपल्या गाडीनं निघून गेले, हे बसून राहिले. तीनच्या सुमारास त्यांनी मला विचारलं, मासे कुठले आणता तुम्ही? मी सांगितलं. पाचच मिनिटांनी परत तेच विचारलं.

हात धुवायच्या निमित्तानं त्यांची बायको उठून माझ्याकडे आली. “दादा, त्यांना आता आणखी देऊ नका. गाडी तेच चालवणार आहेत. मला येत नाही.”

मी टेबलापाशी गेलो. म्हणालो, “सर, आता ड्रिंक देता येणार नाही.”

चुकीचंच वाक्य तोंडातून गेलं. त्यांनी लगेच विचारलं, “का? कोण अडवतंय तुला? शेठला बोलव.”

शेठ आले. मला काउंटरच्या आत घेऊन म्हणाले, “घरचा माणूस आहे. दे.”

“शेठ, त्यांना चढलीय. त्यांच्या बायकोनंही मला सांगितलंय. मी रिक्षा बोलावतो. गाडी इथंच राहू दे, उद्या नेतील.”

“तू मला शिकवू नकोस. तो कागद कंपनीसाठी होता.”

मी सरकलो नाही, तेव्हा शेठनी स्वतः ग्लास भरला. बिलाच्या मशीनवर वाढणाऱ्याचा म्हणून माझा नंबर उघडा होता, त्याच्यावरच त्यांनी ऑर्डर मारली. एक नाही, आणखी तीन. मी मागच्या स्टोअरमध्ये गेलो आणि सोड्याच्या क्रेट एकावर एक लावत राहिलो. त्या आधीच लावलेल्या होत्या. खिडकीतून ते दोघं गाडीकडे जाताना दिसले. मी जाऊन गाडीसमोर उभा राहू शकलो असतो. फार तर शिव्या खाल्ल्या असत्या. मी क्रेट लावत राहिलो.

होळी गावाजवळ, अरुंद रस्त्याच्या वळणावर, त्या गाडीनं एका बाईला उडवलं. ती मला माहीत होती. होळीतच तिची वाडी. रोज सकाळी आमच्या किचनला माठ, मुळा, अळू द्यायची आणि मागच्या दारात बसून चहा प्यायची. मी तिला मावशी म्हणायचो. तिचं खुब्याचं हाड मोडलं. गाडीतली बायको खाली उतरली आणि तिनंच मावशीला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तो मात्र गाडी घेऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी वकिलाबरोबर पोलीस ठाण्यात हजर झाला. तोवर त्याच्या रक्तात सापडण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरला होता फक्त आमचा शब्द.

पोलीस येण्याआधी शेठनी मला ऑफिसात बसवलं. आवाज अगदी शांत होता. “मशीनवर नंबर तुझा आहे. तो प्यालेला होता असं तू म्हणालास, तर प्यालेल्या माणसाला वाढलं कोणी? तू. वर प्रशिक्षण घेतलेला. तो शुद्धीत होता म्हणालास, तर कोणाचंच काही बिघडत नाही. बिल सगळ्या टेबलाचं आहे, कोण किती प्यालं हे त्यात कुठं लिहिलंय?”

हवालदार आले तेव्हा शेठ फ्रेमकडे बोट करून म्हणाले, “हा आमचा जबाबदार माणूस. कोणाला किती द्यायचं, हाच ठरवतो.”

मला ठाण्यात नेलं. बाकावर ती बायको बसली होती. नवरा जेवणाबरोबर एक बिअर प्याला, असं ती लिहून देऊन मोकळी झाली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघत बसली. मी जबाब दिला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. बोलणं नीट होतं. तेच ते पुन्हा विचारत नव्हते. उठताना आधार घेतला नाही. बाईंनी शिकवलेली एक एक खूण मी उलटी करून सांगितली. न शिकलेल्या माणसाला इतकं नेटकं खोटं बोलता आलं नसतं. लिहून घेणारे हवालदार म्हणाले, “बरं सांगता तुम्ही. मुद्देसूद.” मी सही केली.

केस बेदरकार गाडी चालवण्याची झाली. त्यात दारूचा शब्दही आला नाही. दंड भरून तो सुटला. पुढच्या हिवाळ्यात तो आमच्याकडे परत आला, त्याच टेबलावर बसला. मी त्याला वाढलं. नोकरी सोडेन असं पुष्कळदा वाटलं, सोडली नाही. मुलीचं कॉलेज सुरू होतं, हे कारण मी स्वतःला देत असे. खरं कारण एवढंच की त्या बारशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि दुसऱ्या बारमध्येही शेठ असतोच.

मावशीकडे जायला मला वर्ष लागलं. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती, काठी बाजूला. म्हणाली, “ये. पानी घे.” वाफ्यात आता तिला बसता येत नव्हतं. वाडी मुलगा बघत होता. भाजी आमच्याच किचनला जात होती.

मी तिला सगळं सांगितलं. त्याच्या बायकोनं मला विनवलं होतं ते, शेठनी ग्लास भरला ते, माझी सही. ऐकता ऐकता ती वाल सोलायची थांबली.

“मग तो प्यालेला होता,” ती म्हणाली.

“होता, मावशी.”

“माझ्या मुलाला सांग. तो म्हणतो, गाडीवाला धड होता, प्यालेला नव्हता, पोलिसांनी तसं लिहिलंय, म्हणजे तूच रस्त्याच्या मधून चालत असशील.”

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. माझ्या सहीमुळे शेठ सुटले, तो सुटला, मी सुटलो, एवढंच मला माहीत होतं. तिच्याच घरात तिला दोषी ठरवायला ती सही पुरली होती.

मी मुलाची वाट बघत बसलो. तो मोटरसायकलवर रिकाम्या टोपल्या बांधून आला. चाळिशीचा माणूस. मी उभ्यानंच त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे लिहून द्याल?”

मी माझ्या चपलांकडे बघितलं.

“मग कशाला आलात?” असं म्हणून तो टोपल्या सोडवायला लागला.

“ऐकलंस ना पण?” मावशी त्याला म्हणाली. “मी कडेनंच चालत होते.”

ती त्याच्याकडेच बघत होती. मी चपला घातल्या आणि निघालो.