ओवी आणि ओवा

वर आणि खाली या दोन दिशांबाबत तरी साऱ्या मानवजातीचं एकमत आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. मग सौदीतल्या अल-खोबरमध्ये आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये जर्मनीतलं एक बव्हेरियन जोडपं राहायला आलं.

माझी बायको नर्स आहे. तिचं इथलं कंत्राट संपत आलं होतं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तिच्या नोकरीवर आणि मी तिच्या इकाम्यावर. घरी बसून भाषांतरं करणाऱ्याला याहून भक्कम आधार नसतो. बव्हेरियातल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलने तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं होतं. जर्मनची परीक्षा ती पास झाली होती. पण गावच्या म्हाताऱ्यांना ती भाषा फक्त बातम्यांत ऐकायची सवय असते, असं वरच्या बाईंनी सांगितलं आणि शिकवणी स्वतःकडे घेतली. आम्ही आपसात त्यांना वरच्या काकू म्हणत असू.

काकूंच्या बोलीत नुसतं 'खाली' नसतंच. बोलणाऱ्यापासून लांब खाली जायचं तर 'ओवी', बोलणाऱ्याकडे खाली यायचं तर 'ओवा'. तसंच वर जायचं तर 'आउफी', वर यायचं तर 'आउफा'. बायकोने युक्ती काढली: ओवा आपल्या पोटात येतो, ओवी म्हटली की दुसऱ्याच्या कानी जाते. मी तिला म्हटलं, संतांनी आणि वैद्यांनी मिळून जर्मन व्याकरण रचल्याचं हे पहिलंच उदाहरण. तिने मला भांडी घासायला पाठवलं.

अडचण वेगळीच निघाली. शिकवणी संपली की ती काकूंच्या दारात चपला घालत म्हणायची, "ओवा." म्हणजे, येते.

"कुठे येतेस? तू तर चाललीस," काकू इंग्रजी-जर्मनच्या खिचडीत म्हणत. "ओवी म्हण."

"आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत."

"मग खरंच येतेस ते कसं कळतं?"

"उद्या आले की."

दुसरी अडचण आउफीची. "आजोबा, वर जा" हे वाक्य काकू घोकून घेऊ लागल्या, तेव्हा बायको अडून बसली. "पेशंटला वर जा म्हणू? मी नाही म्हणणार." काकूंना यातलं अशुभ काय ते समजावायला मला बोलावलं गेलं. मी आकाशाकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, "वर तर पाण्याची टाकी आहे."

मुलाखतीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्या मागे जमिनीवर मी. औषधं, जखमा, रात्रपाळ्या, सगळं नीट पार पडलं. मग मुलाखत घेणाऱ्या मेट्रन बाई पुस्तकी जर्मन सोडून घरच्या बोलीत शिरल्या. "एका आजोबांना वरून खाली तपासणीला न्यायचंय. आमच्या भाषेत सांगा बघू."

बायको बोटाने टेबलावर वर-खाली रेघ ओढू लागली. हीच नोकरी गेली तर पुढच्या महिन्यात सामान बांधायचं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला ओवी आठवली, आणि ती जात्यावर गातात म्हणून मी दोन्ही हातांनी हवेत जातं ओढू लागलो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी कुठे उभी आहे?" तिने मेट्रनना विचारलं. "वर आजोबांजवळ की खाली?"

मेट्रन बाई इतक्या मोठ्याने हसल्या की स्पीकर खरखरला. "आधी हे विचारायचं असतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. सांगा, दोन्ही सांगा."

"वर असेन तर ओवी. खाली असेन तर ओवा."

कॉल संपल्यावर ती माझ्याकडे वळली. "हात काय फिरवत होतास? कणीक मळायची होती?"

"दळत होतो. ओवी सुचवत होतो."

"आणि मी खाली उभी असते तर?"

आठवड्याभरात पत्र आलं: नोकरी पक्की. सोबत हॉस्पिटलचा फोटोही होता. बायको तो घेऊन धावत वर गेली. काकूंनी तिला मिठी मारली, डोळे पुसले, बोलीभाषेच्या विजयाबद्दल नवऱ्याला दोन शब्द सुनावले आणि मग चष्मा लावून फोटो पाहिला.

हॉस्पिटलला एकच मजला आहे. तळमजला.