येस, मिस

"हात नको लावू आता. पोरगं घरचं झालं."

डोणगावातल्या एका मोठ्या घराच्या ओसरीवरून थोरल्या बाईंनी माझ्या आईला हे सांगितलं, तेव्हा आईचे दोन्ही हात पाळण्याकडे निघाले होते. मूल रडत होतं. आई सुईण. अकरा दिवस तिनंच त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, शेक दिला, बाळंतिणीचे कपडे धुतले. तोवर सगळ्या घरालाच विटाळ होता, म्हणून आईचा विटाळ चालत होता. बाराव्या दिवशी घर शुद्ध झालं. आई पुन्हा मांगवाड्यातली झाली.

मी सात वर्षांची, आईला न्यायला आलेली, अंगणात उभी. ते अकरा दिवस मी शेजारणीकडे जेवले, शेजारणीकडे झोपले. आईनं हात मागं घेतले आणि पदराला पुसले. ओले नव्हते. ओसरीवर माझ्याच वयाची त्या घरची मुलगी, शैला, बारशाच्या घुगऱ्या खात होती.

पुढच्या वर्षी गावात येणाऱ्या मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी मला अकोल्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. बोर्डिंगात. तिथं मी इंग्रजी शिकले आणि गप्प राहायला शिकले. नववीत शैला त्याच शाळेत आली. तिनं मला ओळखलं नाही. ओळखायला आधी कधी पाहिलेलं असावं लागतं. आई नर्स आहे, असं मी सगळ्यांना सांगितलेलं. मनाशी म्हणायचे, सुईणीला इंग्रजीत मिडवाइफच म्हणतात. त्या शब्दाला विटाळ नव्हता.

एके दिवशी वर्गात मिसनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका काळ्या बाईविषयी सांगितलं. ती गोऱ्यांची मुलं सांभाळते. त्यांच्या परसातल्या खोलीत राहते. तिची स्वतःची मुलं दूर, आजीपाशी. आईजवळ राहायची त्यांना कायद्यानं बंदी. मिसनी विचारलं, "अशा घरात काय होत असेल?"

मी कधी हात वर करत नसे. त्या दिवशी केला. म्हणाले, ती मुलं आईचा जुना ड्रेस उशाशी घेऊन झोपत असतील. आई परत आली की तिच्या अंगाला दुसऱ्याच मुलाचा वास येत असेल.

ड्रेस म्हणाले मी. लुगडं नाही म्हणाले.

मिस म्हणाल्या, "किती छान कल्पना केलीस." आईचं दुःख मी आफ्रिकेच्या नावावर सांगितलं आणि शाबासकी स्वतः घेतली.

मग शैला उठली. "आपल्याकडे असं नाही, मिस. आमची गिरजी आहे ना, सुईण. आमच्याकडची सगळी बाळंतपणं तिनंच केली. घरच्यासारखीच आहे. बारसं झालं की शिवत नाही, पण ते तिचं तीच. कोणी सांगत नाही तिला."

मिस दुसऱ्या प्रांतातल्या. त्यांनी मला विचारलं, "तू त्याच भागातली ना? शैला म्हणते तसंच असतं?"

"येस, मिस."

दिवाळीत घरी गेले. आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"मी नर्स?" ती हसली. "मंग पांढरी टोपी तं आण मले एक."

मला हसू आलं नाही.

"अन् त्या मिसनं तुले इचारलं तवा तू काय बोल्ली?"

"हो म्हटलं."

ती देठं खुडत राहिली. "ते पोट्टी उलटी व्हती पोटात. पायाकून काढली म्या तिले. तिले काय ठाव." मग म्हणाली, "तुले तं ठाव व्हतं."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर मी भांडले तरी असते.

सुट्टीनंतर मिसच्या पहिल्याच तासाला मी न विचारता उभी राहिले. वर्गात मराठी बोलायची नाही असा नियम. मी मराठीत बोलले.

"मिस, मी खोटं बोलले. शैला जिला गिरजी म्हणते, त्या गिरजाबाई. माझी आई. शिवू नको असं तिला तोंडावर सांगितलं. मी तिथं होते. आणि तो ड्रेस नव्हता. लुगडं होतं. मी घेऊन झोपायची."

शैला म्हणाली, "आधी सांगायचं ना. मी काय वाईट बोलले?" आणि रडायला लागली. सगळ्या मुली तिच्याभोवती जमल्या. माझ्या बाकावर मी एकटीच.

आईची माफी मी मागितलेली नाही. मागितली तर ती लगेच देईल, आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही.

त्याच दुपारी मी शाळेच्या ऑफिसात गेले. माझ्या फॉर्मवर आईच्या कामापुढे नर्स लिहिलं होतं. ते खोडलं. देवनागरीत लिहिलं, सुईण. क्लार्क म्हणाला, इंग्रजी फॉर्म आहे, हे चालणार नाही, नीट लिही.

मी म्हणाले, "नीटच लिहिलंय. हेच राहील."