बैलाने रंगवलेला नवरा

बेंदराच्या सकाळी नवरा दारात बैलांची शिंगं रंगवत होता. फौजेतून सुट्टीवर आलेला, आणि दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. सगळ्या सुट्टीत तो माझ्या वाट्याला असा आलाच नव्हता. पाहुणे, पेरणी, मित्र. उरलासुरला वेळ बैलांना. मला एकच विचारायचं होतं, यंदा तरी सोबत नेणार का? लग्न झाल्यापासून आमचा संसार फोनवरच चालला होता. पण चारचौघांत विचारणार कसं?

पूर्वी शिंगांना हिंगूळ लावायचे, आता ऑइलपेंट. थोरल्या बैलाने नेमकी मान झटकली आणि ब्रश सरळ नवऱ्याच्या तोंडावर. कपाळापासून हनुवटीपर्यंत लालभडक! बैल आपला साळसूदपणे रवंथ करत उभा.

सासूबाई पुरणपोळ्या सोडून थिनरची बाटली घेऊन आल्या. "दाराचा रंग निगतो ह्येनं, तोंडाचा का न्हाई निगायचा?"

मी भडकलेच. "आत्या, ते दार नाही, माणूस आहे! डोळ्यात गेलं म्हणजे?"

बाटली काढून घेतली आणि नवऱ्याला मागच्या पडवीत बसवलं. सांगलीला माहेरी रंगपंचमीनंतर भावांची तोंडं मीच साफ करायची, त्यामुळे हात बसलेला. खोबरेल तेलात कापूस भिजवून डागावर ठेवायचा, रंग सुटला की अलगद टिपायचा. घासायचं अजिबात नाही, कातडी सोलून निघते. डोळ्यांजवळ आले तेव्हा त्याला डोळे मिटायला लावले. इतक्या जवळून त्याचं तोंड मी कितीतरी दिवसांनी बघत होते. फार बरं वाटत होतं.

मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "औंदा फॅमिली क्वार्टर मिळतंय. येशील?"

माझी सगळी तयार केलेली वाक्यं फुकट गेली.

"आत्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो की."

"मग येते," मी म्हटलं, आणि रडू आलं ते त्याला दिसलं नाही.

कोमट पाण्याने, साबणाने तोंड धुऊन दिलं. गाल स्वच्छ झाले होते. तेवढ्यात आतून हाक आली, "आगं, झालं का न्हाई?"

मी कोरडा कापूस पुन्हा तेलात बुडवला. "नाही हो आत्या, लय चिवट आहे डाग!"

नवऱ्याने गुपचूप डोळे मिटून घेतले.