गोदामाची झोप

आमच्या मामाला पेट्यांची झोप माणसांच्या झोपेपेक्षा जास्त कळायची. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी आमचं ऑफिस पांढरी पेटी बसवतं आणि गळ्यात घालायला लाल बटण देतं. बटण दाबलं की पेटीतला मोडेम जागा होऊन ऑफिसला कळवतो. पेट्या मामा बसवायचा. मी, त्याची भाची, स्क्रीनसमोर बसते.

नवा माणूस आला की मामाला चेव यायचा. "झोपा तीन. डुलकी, म्हणजे आपण हाक मारली की ओ देते. दुसरी साधी झोप. आपण कितीही हाका मारा, ढिम्म! पण बटण दाबलं किंवा सकाळच्या हजेरीची वेळ झाली की आपणहून उठते. तिसरी गोदामाची. बॅटरी बदलताना, नाहीतर पेटी कपाटात ठेवताना घालायची. मग बटण दाबून बोट मोडलं तरी बाहेर शब्द नाही. नुसतं वेळेसकट लिहून ठेवते आणि उठवली की सगळं ओकते."

मामीचं हृदय अशक्त, म्हणून मामाने घरीही पेटी लावली होती. एका संध्याकाळी त्याने तिची बॅटरी बदलली, मामीशी गप्पा रंगल्या आणि पेटी उठवायची राहिली. सकाळी माझ्या स्क्रीनवर ती राखाडी, म्हणजे हजेरी न दिलेली, दिसत होती. मामाच्याच घरची, म्हणून मी विचारलं नाही. दोन वाजता तो जेवायला घरी गेला, तर मामी स्वयंपाकघरात पडलेली. डॉक्टर तीनला आले. म्हणाले, "क्षणात गेल्या. त्यांना कळलंसुद्धा नाही."

त्या वाक्यावर मामा दोन वर्षं जगला. भेटेल त्याला ऐकवायचा. पेटी मात्र त्याने ऑफिसातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती, तशीच निजलेली. ड्रॉवरला कान लावून बसलेलं मी त्याला दोनदा पाहिलं.

"काय ऐकतोस रे मामा?"

"काही नाही. झोपलीय."



परवा दुपारी पेट्या कमी पडल्या. साहेब डोकं खात होते, माझंही डोकं फिरलेलं. मी फटकन बोलले, "ती ड्रॉवरमधली काढ की! अंडी उबवतोयस का?"

जीभ झडायला हवी होती माझी.

मामाने माझ्याकडे पाहिलं आणि निमूट पेटी काढली. भोकात पिन घातली. दिवा सावकाश लुकलुकला. मोडेम नेटवर्क शोधत होता. मग भराभर. मग स्थिर झाला. माझ्या स्क्रीनवर दोन वर्षांपूर्वीच्या त्या तारखेच्या ओळी उतरू लागल्या. बटण दाबलं, अकरा वीस. अकरा एकवीस. अकरा पंचवीस. मी स्क्रीनवर तळहात ठेवला. मामाने तो हळूच बाजूला केला. एक पन्नासपर्यंत एकेचाळीस ओळी झाल्या. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आणखी एक आली. दोन चाळीस.

दिवा विझला. पेटी पुन्हा झोपली, या वेळी साधी झोप.

"मामा, घड्याळ चुकलं असेल पेटीचं," मी म्हणाले.

"पेटीचं घड्याळ चुकत नाही." तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "दोन चाळीसला तिची मूठ माझ्या हातात होती गं. आत बटण होतं. गार लागली, म्हणून मी नुसता रडत बसलो. कळलं नाही ते मला."