शिवण कुठं थांबते?

जुन्या बाटल्या जमवणाऱ्यांकडे बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बाटल्या निदान धुवून मांडता येतात, किस्से मात्र समोर सापडेल त्याच्या गळ्यात मारावे लागतात. आज तुमची पाळी!

आमचा अड्डा सोलापूरच्या भवानी पेठेत, श्रीनिवासच्या भंगाराच्या दुकानात, दर रविवारी सकाळी. प्रमुख म्हणजे सर, जुळे सोलापुरातले केमिस्ट्रीचे रिटायर्ड मास्तर. त्यांचा नियम एकच: आधी नख, मग गोष्ट. दुधाच्या बाटलीच्या अंगावर साच्याची उभी रेघ असते, तिला आम्ही शिवण म्हणतो. सर तिच्यावरून नख वर नेतात. शिवण ओठाच्या खाली संपली, तर तोंड हाताने घडवलेलं, बाटली जुनी. ओठावरून पलीकडे गेली, तर मशीनची, अलीकडची. यावर अपील नाही.

सांगोल्याहून आप्पा यायचे. ऐंशीच्या घरातले, डाळिंबाची बाग असलेले. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली बाटली. ती कधी बाहेर काढत नसत. "आईची हाय," एवढंच मला एकदा हळूच म्हणाले होते.

*

एक वकीलसाहेब बाटली घेऊन आले. "खास पणजोबांची!" सरांचं नख ओठावरून सरळ पलीकडे गेलं. वकील वाद घालायला लागले. सरांनी बाटली उलटी केली. बुडाला काचेतच उठवलेला पिनकोड!

"पणजोबा फार पुढचं बघायचे," सर म्हणाले. आप्पांनी पिशवी बाकाखाली सरकवली.

*

श्रीनिवासनं एकदा खोडी काढली. मशीनच्या बाटलीची वरची शिवण पॉलिश पेपरनं घासून टाकली. सरांचं नख थांबलं! आम्ही हसू दाबून बसलो. सरांनी बाटली उजेडात धरली.

"सगळी काच चकचकीत आणि ओठ तेवढा धुरकट? कुणाची दाढी केलीस रे?"

"तुमाला फसवायचं म्हंजे लई अवघड की, सर!"

*

सरांच्या शोकेसमध्ये एक मानाची बाटली होती. एका रविवारी सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तीच घेऊन अड्ड्यावर हजर. "इतकी वर्षं नुसती पुसताय. हिला नख लावलंत का कधी?"

सरांनी सगळ्यांसमोर लावलं. गेलं पलीकडे! "मशीनची," म्हणाले आणि बाटली स्वतःच्या हातानं भंगाराच्या टोपलीत ठेवली. काकूंनी ती उचलून मनीप्लँटसाठी घरी नेली.

*

गेल्या महिन्यात आप्पांनी पिशवी सोडली. बाटली टेबलावर ठेवली आणि सरांचा नियमच मोडला. आधी गोष्ट सांगितली.

"मी पंधरा दिसाचा असताना आई गेली. तिच्या आज्यानं सायबाच्या बंगल्यावरनं ही आणली हुती. तिची म्हणून एवडीच वस्तू हाय माज्याकडं. बगा की, सर."

सरांनी त्यांना मध्ये अडवलं नाही. मी शेजारीच बसलो होतो आणि शिवण ओठावरून पलीकडे गेलेली मला स्वच्छ दिसत होती.

सरांचं नख हळूहळू वर चढलं. ओठाच्या खाली आलं आणि थांबलं.

"हाताची आहे, आप्पा. जुनी आहे."

सरांनी बाटली उलटी करून पाहिली नाही.

आप्पांनी ती टॉवेलात नीट गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि उठता उठता म्हणाले, "माजं नख बी तितंच थांबतंय, सर. लई वर्सं झाली."