तुळशीच्या जबड्यातला स्क्रू

बदलापूर गावातल्या मोतीबाईंना गोड बोलणारा माणूस दिसला की त्या सावध व्हायच्या. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास एक जमिनीचा दलाल "सगळं ठीक आहे, वहिनी" म्हणत ओट्यावर चहा पिऊन गेला, आणि ओढ्याकाठचं त्यांचं भाताचं शेत भलत्याच माणसाच्या कुंपणात गेलं. तेव्हापासून कुणाच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसेना.

मुलगी तुळशी आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दात पुढे आलेले, म्हणून हसताना तोंडावर हात धरायची. नव्व्याण्णव साली तिने हट्टाने अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टर हेमचंद्रांकडून तारा बसवून घेतल्या. पुढचे दात मागे ओढायला पक्का आधार हवा, म्हणून डॉक्टरांनी उजव्या दाढेजवळच्या हाडात एक बारीक स्क्रू बसवला.

"पोरीच्या हाडात स्क्रू? ती काय खुर्ची हाय?" मोतीबाई कडाडल्या. मग दर खेपेला त्या सोबत जायला लागल्या.

स्क्रू किती घट्ट बसलाय हे पाहायला डॉक्टरांनी मुंबईच्या कॉलेजातून पेनासारखं एक यंत्र आणलं होतं. ते स्क्रूवर टकटक करायचं आणि आकडा दाखवायचं.

"आकडा उतरलाय. छान!" डॉक्टर म्हणाले.

"उतरला तं छान कसा?"

"मावशी, वस्तू घट्ट असली की यंत्राचं टोक आपटून पटकन मागे येतं, म्हणून आकडा लहान. हलू लागली की आकडा चढतो."

मोतीबाईंना ते पटलं नाही. हा माणूस नक्की काहीतरी लपवतोय, असं त्यांनी मनाशी धरलं. आकडा बघताना त्या डॉक्टरांच्या भुवयाही बघायच्या. त्यात भर म्हणून तुळशी हल्ली अर्धपोटी उठायची. कारखान्यातल्या कुणाबरोबर बाहेर खाते की काय? तोही संशय त्यांनी पोटात ठेवला.

एका खेपेला डॉक्टरांनी यंत्र जवळ धरून आकडा पाहिला. पुन्हा टकटक केली.

"चढला ना?" मोतीबाई उठून उभ्याच राहिल्या.

"हो. स्क्रू ढिला झालाय, काढावा लागेल. तुळशी, हलत असल्याचं जाणवलं नाही तुला?"

"जाणवला असता तं मना नसता सांगितला तिनं? तुमीच लपवलात!"

तुळशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आये, डॉक्टरांना नको बोलूस. जिभेला हलताना लागायचा. तुला सांगितला असता तं तू ताराच काढाय लावल्या असत्यास."

मोतीबाई परत खुर्चीवर बसल्या. डॉक्टरांनी स्क्रू अलगद काढला. असं कधीकधी होतं, यात कुणाचा दोष नाही, जखम भरली की थोडा बाजूला दुसरा बसवू, असं त्यांनी समजावलं. मोतीबाईंचं लक्ष नव्हतं.

रिक्षात त्या म्हणाल्या, "म्हनून डाव्या बाजूनं चावायचीस? अर्धा भात टाकायचीस?"

"हो."

"आनि मी काय काय मनात आनला!" काय आणलं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसरा स्क्रू टिकला. दात हळूहळू मागे सरकले. मोतीबाई डॉक्टरांना आकडा दोनदा वाचायला लावायच्याच. पण दवाखान्याच्या पायरीवर आधी तुळशीला थांबवून विचारायच्या, "हलतंय का? खरा सांग, मी काय बोलनार नाय."

पहिल्या दोन-तीन वेळा तुळशीने आईच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, आणि मगच उत्तर दिलं.